येते हं

नोकरीच्या शेवटच्या दिवशी निघताना सुलक्षणानं पहिल्यांदाच माईकवरून सगळ्यांचा निरोप घेतला. "येते हं."

समोरच्या स्क्रीनवरचे हिरवे ठिपके एकदम लाल झाले. एकेक ठिपका म्हणजे एक सर्व्हर, आणि प्रत्येक सर्व्हरवर एका गेलेल्या माणसाचं मन जपलेलं. नातेवाईक बोलायला आले, तरच त्यावर लोड चढून ठिपका लाल व्हायचा.

तांडेलसाहेब धावत आले. "कोण बोलतंय त्यांच्याशी?"

"कुणीच नाही, सर. सगळे माझी वाट बघतायत."

"अगं, जळतील सर्व्हर! 'जाते' म्हणून सांग त्यांना."

सुलक्षणानं माईक जवळ ओढला. 'जाते' म्हटलं की माणूस परत येत नाही, असं आईनं लहानपणीच बजावलं होतं.

"आले," ती म्हणाली आणि तिनं पर्स खाली ठेवली.

एकेक ठिपका हिरवा होत गेला.