ऱ्हस्व की दीर्घ

माझ्या ब्लॉगवर न चुकता येणारी प्रतिक्रिया एकच. 'एक वाचक' नावाचा कुणीतरी माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचा. लेख आवडला की नाही, याबद्दल चकार शब्द नाही! आधीच आपल्याला लिहिता येतं का, अशी माझी धाकधूक. त्यात हा मास्तर.

एकदा चहा पिताना मी बाबांजवळ कुरकुर केली. "इतका खडूस माणूस आहे ना! जन्मात कुणाला बरं म्हणाला नसेल."

"पण शेवटपर्यंत वाचतो ना?"

"तुम्ही तर तेवढंही वाचत नाही."

"मला नाही बाई मोबाईलवर वाचवत," म्हणत बाबा चष्मा पुसत राहिले.

गेल्या महिन्यात बाबा गेले. आठवडाभराने त्यांच्यावर लिहिलं, डोळे पुसत, न तपासता. खाली शंभरेक जण हळहळले. मग माझं मलाच दिसलं, 'वडील' हा शब्द मी पाचही वेळा 'वडिल' असा लिहिला होता.

'एक वाचक' काहीच बोलला नाही.

 

चूक अजून तशीच ठेवलीये, बाबा.