भरलेला डबा
मोताळ्याच्या पंचफुलाबाईंनी निकाल देऊन टाकला होता: सुट्टीवर आलेली लेक धम्मशीला लढाईच्या मुलखात परत जाणार नाही. आपल्या सरकारनं तिकडच्या जखमींसाठी उघडलेल्या दवाखान्यात ती नर्स होती. सलोख्यासाठी लढणाऱ्या सरकारांची बोलणी निदान चहाबिस्किटांवर चालू होती. मायलेकींची बंद पडली होती. शेवटी धम्मशीलेनं पिशवीतून आईचाच, नाव कोरलेला स्टीलचा डबा काढला. जाताना त्यात शेंगदाण्याची चटणी होती. आता सुकी अंजिरं होती. “एका पेशंटले चटणी देली, त त्याच्या मायनं डबा भरून देला. रिकामा वापस करत नाहीत म्हणे.” “तिकडेबी?” बाईंनी एक अंजीर खाल्लं, मग दुसरं, आणि उठून शेंगदाणे भाजायला घेतले. “मंग आपल्यालेही भरूनच धाडा लागीन.” चटणी भरल्यावर झाकण दाबत त्या म्हणाल्या, “पुढच्या खेपेले रिकामा आला तरी चालते, पण आणजो तूच.”