वाल सोलताना

जगन धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आला तेव्हा त्याची सात वर्षांची सरू मोड आलेले वाल सोलायला बसली होती. डाऊन सिंड्रोममुळे तिची बोटं सैल होती; तिची बटणं लावणं, घास भरवणं, सगळं जगनच करी. एक वाल चिमटीतून निसटताच त्याने हात पुढे केला. बायकोने तो धरला. "तुमी नका मदे पडू. पेणच्या डॉक्टरीणबाई काय बोलल्या? तिचं तिला करू द्या." जगनने हात मागे घेतला. सरूने ओठ मिटून वाल दाबला. साल बोटांत राहिली आणि दाणा टुणकन उडून त्याच्या मिशीवर आपटला. तिघंही हसत सुटली. डोळे पुसून जगननेही एक वाल घेतला, तर त्याच्या राठ बोटांत दाण्याची शकलं झाली. "बाबा, तुला नाय येत. दे!" सरूने पुढचा वाल त्याच्या हातातून काढून घेतला.