उस्तादाची बैठक

खिसा पुन्हा तिरका गेला. हसीनाने शर्ट मशीनवरून ओढून घेतला आणि ब्लेडने टाके उसवायला सुरुवात केली. सकाळपासून तिने जेवढं शिवलं होतं, त्याहून जास्त उसवलं होतं. मान आखडली होती. उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती, ब्लेड धरलंय की नाही हेसुद्धा बघून ठरवावं लागत होतं.

समोर उमादेवी बाई बसल्या होत्या. देगलूरच्या ज्या शाळेत त्या शिकवत, तिथल्या गणवेशाचं काम त्यांनीच हसीनाला मिळवून दिलं होतं. त्या कामावरच हे घर चाललं होतं. बाईंच्या मांडीवर शिवून झालेले शर्ट होते आणि एकाचीही कॉलर धड बसलेली नव्हती.

"भाभी, पोरांना हे कसं द्यावं सांगा. हेडमास्तर म्हणून राहिले, काम उदगीरला देऊन टाका."

"पुन्हा शिवून देते, बाई."

"पुन्हा शिवून बी असंच होणार. तुमच्या हातात खोट न्हाई. त्या टेबलात हाय."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. गोळ्या लिहून देता देता त्यांनी विचारलं होतं, काम करताना बसता कशा? हसीनाने करून दाखवलं, तर त्यांनी गोळ्यांचा कागद बाजूला ठेवला. आधी टेबल खाली घ्या, म्हणाले, नाहीतर हा हात कायमचा जाईल. हसीना मान हलवून घरी आली आणि पुन्हा त्याच टेबलाला जाऊन बसली.

टेबलाच्या चारी पायांखाली सागवानी ठोकळे होते. ते तिच्या नवऱ्याने, गुलाम रसूलने, मशीनला मोटर बसवली तेव्हा घातलेले. माणूस ताडमाड उंच. साध्या टेबलाखाली त्याचे गुडघे मावत नसत. ठोकळे घातले, उंच स्टूल केलं, आणि मग तो दिवसभर ताठ पाठीने शिवायचा, वर गुणगुणायचाही. हसीना जेमतेम त्याच्या खांद्याला लागायची. उंच स्टुलावर बसलं तर पाय पॅडलला पुरत नसे. बुटक्या स्टुलावर बसलं तर कोपरं कानाशी यायची. शेवटी ती उंच स्टुलाच्या अगदी कडेवर टेकायची, एक पाय लोंबता, एक चवडा पॅडलवर, खांदे वर चढवलेले. गुलाम रसूलला लकवा झाल्यापासून दोन वर्षं ती अशी बसत होती. बघणाऱ्याचीच पाठ दुखावी.

बाईंनी शेजारच्या सायकल दुकानातल्या शिवकुमारला हाक मारून टेबल खाली घ्यायचंय म्हणून सांगितलं. तो जॅक घेऊनच आला.

"चहा होईस्तोवर काढतो ठोकळे," तो वाकत म्हणाला. "लई सोपं काम हाय, भाभी."

"हात लावू नका!"

हसीना एवढ्या जोराने कधी बोलत नसे. शिवकुमार गोंधळून उभा राहिला. तिने मागच्या खोलीच्या पडद्याकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

"आमच्या दर्जी लोकांत उस्ताद हयात असंस्तोवर त्याची बैठक हलवत न्हाईत. माझ्या सासऱ्यांची हलवली ती त्यांना कब्रस्तानात पोचवून आल्यावर. हे तर जिते हायत, बाई. आत पडून आवाज ऐकून राहिलेत. त्यांच्या कानावर जॅकचा आवाज घालू?"

हसीनाचे डोळे भरून आले होते. बाईंना काय माहीत, तो माणूस रोज पहाटे उठून काय करतो! नुसतं बघवत नसे ते. भिंतीचा आधार घेऊन, एक पाय फरफटत, घामाघूम होत तो पडद्यापर्यंत यायचा. फटीतून मशीनकडे बघायचा. मग तसाच मागे जायचा. दोनदा पडला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उठला. त्याचा सगळा जीव त्या मशीनमध्ये अडकलाय, हे बायकोला कळणार नाही तर कोणाला? हात जायचा तर जाऊ दे. पण आता तुमच्याकडून होणार नाही, हे त्याला आपण सांगायचं नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"काम उदगीरला द्या, बाई," ती म्हणाली. "मी बघीन काय ते."

पडदा हलला. चौकटीला धरून गुलाम रसूल उभा होता. चेहरा घामाने डबडबलेला. एवढं चालण्यातच त्याला धाप लागली होती. शिवकुमार आधार द्यायला धावला, तर त्याने मानेनेच नको म्हटलं.

"काढ रे ते ठोकळे," तो म्हणाला. लकव्यानंतर त्याचे शब्द जड यायचे, पण हे सगळ्यांना नीट ऐकू आले.

"अहो, नको." हसीना स्टुलावरून उतरली. "रोज चालून राहिलात तुम्ही. उद्या बसायला लागलात, तर?"

गुलाम रसूलने तिच्याकडे बघितलं. मग हळूहळू चौकटीला टेकत तो तिथेच, जमिनीवर बसला.

"माझं शिवणं संपलं, हे मला दवाखान्यातच कळलं होतं, हसीना. पण ते ठोकळे तू काढंनास. तू वाट बघून राहिलीस, म्हणून मी रोज उठून राहिलो. लई थकलो बघ. काढ आता. मला बी निवांत पडू दे."