ढवळायचा मॅग्नेट

अरे, ऐका तर! पॉलिमरची आंतरराष्ट्रीय परिषद, हॉल खचाखच भरलेला आणि आमच्या लॅबची ताई स्टेजवर! तिचा कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, म्हणे धातूशिवायच पॉलिमर बनवतो. पहिल्या रांगेतला परदेशी प्रोफेसर तर तिला नोकरी द्यायला टपलेला. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पहिला हात कुणाचा? आमच्याच सरांचा! "फ्लास्कमधला ढवळायचा मॅग्नेट बदलून पाहिलास?" "नाही सर, पहिल्यापासून तोच आहे," ताई गडबडली. सरांनी तोच खिशातून काढला आणि सगळ्यांना दाखवला. "याच्या ओरखड्यांत जुन्या प्रयोगांतला धातू अडकलाय. सगळी करामत त्याचीच." टाळ्या कुणाला? सरांच्या प्रामाणिकपणाला! प्रोफेसर उठून गेला. ताई रडत म्हणाली, "सर, आधी का नाही सांगितलंत?" सरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "सांगितलं असतं, तर चूक सुधारून नोकरी पटकावली असतीस. मग माझी लॅब कुणी सांभाळली असती, वेडाबाई?"