कुर्बान मिस्त्रींची गाठ

“हे काम तुह्यं नाही,” भगवंतराव सर मोटर टेबलावर ठेवत म्हणाले.

माहेनूर त्यांच्यासमोर ताठ उभी होती. अमरावतीच्या त्या केंद्रात मोटर भरण्याच्या वर्गाला पोरं सतरा आणि पोरगी ही एकच. जळालेली मोटर घरी न्यायची, जुनी तार काढून नवी भरायची आणि आठ दिवसांनी परीक्षकापुढं ठेवायची, ही शेवटची परीक्षा. पास झाली की सोमवारी नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात ती दुरुस्तीच्या कामाला लागणार होती. सर्टिफिकेट नसेल तर तिथं गेटच्या आतही कोणी घेणार नव्हतं.

भगवंतराव परीक्षक असले तरी मूळचे मोर्शीचे संत्रेवाले. मोर्शीतल्या बागांच्या मोटरी कोण भरतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. कुर्बान मिस्त्री, म्हणजे माहेनूरचे वडील. तारांचे वेढे दोऱ्यानं बांधताना मिस्त्री गाठ आतल्या अंगाला दडवतात. पुस्तकात ती बाहेर असते. आत घ्यायची तर वेळ दुप्पट लागतो, म्हणून दुसरं कोणी त्या भानगडीत पडत नाही. माहेनूरच्या मोटरीतली एकूण एक गाठ आत होती. निदान परीक्षेपुरतं तरी पुस्तकासारखं बांधावं, एवढंही पोरीला सुचलं नव्हतं.

बापाकडून करून आणलंस, आता पुढच्या तुकडीत बस, असं सरांनी सांगून टाकलं. पुढची तुकडी सहा महिन्यांनी. तोवर कारखाना काय तिची वाट पाहत बसणार होता?

“सर, माह्यंच काम हाये,” ती म्हणाली.

सरांनी नापासाचा शेरा लिहायला पेन उचललं. माहेनूरनं कात्री उचलली. एक दोरा कापला, मग दुसरा. आठ दिवसांची मेहनत होती ती. पण तिचा हात काही थांबेना. सगळी तार इथंच काढते, तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा भरते, संध्याकाळ झाली तरी उठणार नाही, असं तिनं मान वर न करताच सरांना ऐकवलं. मघापासून खुसखुसणारी पोरं टेबलाभोवती गोळा झाली. सरांचं पेन हातातच राहिलं.

कुर्बान मिस्त्री दाराशी उभे होते. लेकीसोबत सकाळच्या एसटीनं आले होते आणि दोन्ही हात कुर्त्याच्या खिशात घालून सगळं ऐकत होते. ते आत आले. आता हा माणूस लेकीसाठी विनवण्या करणार, असं वाटून सरांनी आधीच नकारार्थी मान हलवली.

मिस्त्रींनी लेकीच्या हातातली कात्री काढून घ्यायचा प्रयत्न केला. ती त्यांच्या बोटांतून निसटून खाली पडली. मग त्यांनी दोन्ही हात सरांपुढं टेबलावर ठेवले. हात थरथरत होते. टेबलावर दाबून धरले तरी थरथरतच होते.

“तीन साल झाले, साहेब, मले सुईत दोरा ओवता येत नाही,” मिस्त्री सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पोरगी मोटर भरते म्हटलं तर गिऱ्हाईक येनार नाही, म्हणून मीच इले तोंड उघडू देलं नाही. तुमी ज्याले माहा हात म्हणून राहिले, तो इचा हाये.”