कासमचा लेहरा

कासमच्या सारंगीचा गज समेवर उशिरा येत होता. केसभरच. पण तबला वाजवणाऱ्या भिमाजीला तो उशीर जाणवला.

कासमनं सारंगीवर एकच लेहरा, तीच ती सुरावट, घोळवत राहायचं, त्याच्या आधारानं भिमाजीनं तबला खेळवायचा आणि तय्यबनं तंबोरा धरायचा, अशी तिघांची जुनी रीत होती. लय सांभाळायची ती लेहऱ्यानं. कासमचा लेहरा रहाटासारखा, एका चालीत फिरणारा, असं जुन्नरात सगळे म्हणत. कालपासून तो ढिला पडत चालला होता.

उंदीर मरून पडायला लागले तसं जुन्नर ओस पडलं होतं. प्लेगची ही चौथी साथ. लोक शेतांत झोपड्या घालून राहिले होते. कासम कागद करणारा, तय्यब त्याचा शेजारी. दोघांना भिमाजीनं आपल्याच मळ्यात जागा दिली होती. त्याची बायको धोंडाबाई आणि पोरं बांधापलीकडच्या खोपीत होती. दिवस कलला की करमत नसे, म्हणून तिघं वाजवायला बसत.

"मरायचंच आसंल तर सुरात मरू," असं तय्यब पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"तुझा तंबोरा जुळंस्तवर साथ निघून जाईल," कासमनं उत्तर दिलं होतं.

काल वाजवणं थांबल्यावर भिमाजीनं सहज म्हणून कासमचं मनगट धरलं. ते गार लागलं. ताप नाही म्हणून त्याला आधी बरं वाटलं. मग आठवलं, साथीत गेलेल्या वेशीजवळच्या ठमाबाईचे हातही शेवटी असेच गार पडले होते. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. जागरणानं आज सकाळपासून डोकं ठणकत होतं.

सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे कासमला प्लेगच्या दवाखान्यात धाडायचं. तिथून परत आलेलं माणूस भिमाजीनं अजून पाहिलं नव्हतं. आणि न सांगावं, तर पोरं होती. कासम त्यांना रोज मांडीवर घ्यायचा.

आज मात्र तो पोरांच्या वाटेला गेला नव्हता. वाजवायलाही जरा लांब, दाराशी बसला होता. बिचाऱ्याला स्वतःलाच कळलंय, असं भिमाजीला वाटलं. तय्यबलाही कळलं असावं. भिमाजीनं पाणी मागितलं, तेव्हा त्यानं दोनदा "काय म्हणतोस?" म्हणून विचारलं. त्याचं लक्ष कासमकडेच लागलं होतं.

लेहरा आणखी ढिला झाला. भिमाजीनं लय चढवायला बोटांवर जोर दिला. लय चढली नाही. उलट कासमनं गज आणखी लांबवला आणि सम कशीबशी जुळली.

तय्यबनं तंबोरा आडवा ठेवला. वाजवणं थांबलं. झोपडीत फार उकडत होतं. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि दाराशी थांबला.

भिमाजीनं कपाळाचा घाम पुसला. आता बोलायचंच, असं त्यानं ठरवलं. त्याची जीभ जड झाली होती.

"कासम, राग मानू नको. कालपास्नं बघतोय. तुझा लेहरा..."

"मागं पडतोय," कासम म्हणाला. "ठावं हाय मला."

त्यानं सारंगी भुईवर ठेवली आणि तय्यबकडे पाहिलं. तय्यबनं मान डोलावली. कासम उठून भिमाजीजवळ आला, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"तुझा हात जिथं पडंल तिथं मी सम आणतोय, भिमाजी. काल माझं मनगट धरलंस, तवा तुझा हात तव्यावानी तापला हुता. धोंडावहिनीला सकाळीच सांगितलंय. चल, गाडी आलीय. दवाखान्यात तुझ्यासंगं मी ऱ्हाणार हाय."